एकतीस नोव्हेंबर

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज दातांच्या दवाखान्यात, मी नोंदणीला बसते तिथे, एब्रिमा आला होता. शेजारच्या जिन्यातल्या सान्नेह आजींचा नातू. आमची अख्खी टालमोसेन वस्ती त्याला टी-सुलतान म्हणते. टी म्हणजे टालमोसेन, सुलतान कशाचा ते अजून ठरायचं आहे. रॅप करतो, म्हणजे गाणं रागावून बोलतो. खालच्या दातांवर सोन्याची पट्टी चढवून आला होता. मी म्हटलं, "ती काढ आधी. डॉक्टरीणबाईंना खरे दात बघायचे असतात." त्याने निमूट काढून माझ्या टेबलावरच्या पेनांच्या डब्यात ठेवली. तेविसाव्या वर्षापर्यंत दात सरकारी खर्चाने, म्हणून आजीने शेवटच्या फुकट तपासणीला पिटाळलं होतं. एकही दात किडलेला नाही. गाण्यात इतक्या शिव्या देणाऱ्या मुलाच्या मानाने फारच सभ्य तोंड.

जाताना म्हणाला, "मारिताकाकू, तुमची एक चिठ्ठी गाण्यात घेतलीय. रागावणार नाही ना?"

अकरा वर्षं मी सोसायटीच्या सामाईक धुण्याच्या खोलीची व्यवस्था बघते. या काळात भिंतीवर किती चिठ्ठ्या लावल्या याची गणती नाही. "कोणती?" मी विचारलं.

"जाळी साफ करा, तुमची आई इथे कामाला नाही."

ती माझी आवडती. वाळवणीच्या यंत्राच्या जाळीत कपड्यांचा भुसा साचतो, तो काढायला कुणाला नको. मी तोंड वाकडं केलं, "जाळी साफ करतात का रे तुझे श्रोते?" म्हटलं आणि त्याला एकाऐवजी दोन टूथब्रश दिले. घरी आल्यावर गाणं ऐकायचा प्रयत्न केला, पण फोनने आधी शॅम्पूची जाहिरात लावली, मग मी नाद सोडला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

पडदे धुवायला या आठवड्यात वेळ मिळाली नाही. दुपारची वेळ रोल्फ-ओकेची होती. सोसायटीचा चेअरमन असल्याने तो नेहमी दुपार पकडतो. त्याच्या चड्ड्यांनी पाच पंतप्रधान पाहिलेत, आता त्यांनाही निवृत्ती हवी आहे. पण माणसाने जाळी मात्र आरशासारखी ठेवली होती, सहा वाजता मी स्वतः जाऊन पाहिली.

संध्याकाळची वेळ चौदा नंबरची, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या लेतेब्रहानची. ही बाई बस चालवते आणि सुट्टीच्या दिवशी घरात कॉफीचे दाणे भाजते. जिना पेटल्यासारखा वास येतो. दहा वर्षांत तिने मला जितक्या वेळा कॉफीला बोलावलं तितक्या वेळा मी घाईत होते. बसलं की तीन-तीन पेले प्यावे लागतात म्हणे. इतका वेळ मी माझ्या लग्नालाही दिला नव्हता.

सात दहाला खालून यंत्राची घरघर सुरू झाली. धुण्याची खोली बरोबर माझ्या स्वयंपाकघराखाली आहे. पिळताना माझ्या कपाटातल्या बशा नाचतात. लाटणं घेऊन पाइपवर तीनदा ठोकलं. तर खालून उत्तर: ठक, ठक-ठक, ठक. तालात. मी पुन्हा ठोकलं, पुन्हा ठक, ठक-ठक, ठक. निर्लज्ज. साडेसातच्या बातम्या लागेपर्यंत ही जुगलबंदी चालली. मधेच सात वीसच्या सुमारास चौकाकडे फटाके. नवीन वर्षाला सहा आठवडे आहेत, पण ज्यांना धुण्याची वेळ पाळता येत नाही ते कॅलेंडर काय पाळणार.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सकाळी साडेसहाला खाली गेले तर वाळवणीच्या यंत्राच्या जाळीत मांजर बसल्यासारखा सुताचा भुसा. पांढराशुभ्र, मधे हिरवे-पिवळे धागे. पिशवीत भरला, तारीख घातली. अशा पिशव्या मी 'पुरावे' लिहिलेल्या खोक्यात ठेवते. भिंतीवर गुलाबी चिठ्ठी लावली. आणि चौदा नंबरला तुरुंगात टाकलं.

हे मी इथेच लिहू शकते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. नोंदफळ्यावर एकतीस तारखांच्या एकतीस ओळी, प्रत्येक ओळीत चार भोकं. ज्या भोकात तुमच्या घराचं छोटं कुलूप, ती वेळ तुमची. नोव्हेंबर तीस दिवसांचा, म्हणजे एकतिसावी ओळ रिकामी. ज्याने जाळी साफ केली नाही त्याचं कुलूप मी माझ्या सर्वकिल्लीने काढते आणि एकतीसवर नेऊन बसवते. माणूस येतो, बघतो, डोकं खाजवतो, आपल्या किल्लीने कुलूप सोडवतो आणि पुढच्या वेळी का कोण जाणे जाळी साफ करतो. रोल्फ-ओके म्हणतो हे मुलांचे उद्योग. किल्ली माझ्या हाती देताना तो म्हणाला होता, "कुलपाचा मालक मेला किंवा घर सोडून गेला, तरच वापरायची." दुसऱ्याचं कुलूप हलवणं म्हणजे काय हे आम्हाला लहानपणीच कळतं. पैसे खाल्ले तर लोक दोन वर्षांत विसरतात, कुलूप हलवलेलं कधीच नाही.

दुपारी. वर लिहिलं ते सगळं पोरकट वाटतंय. काल फटाके नव्हते. एब्रिमाला चौकात, केशकर्तनालयाच्या दारात, गोळ्या घातल्या. सात वीसला. दोघे मोपेडवरून आले. तो जागीच गेला.

चौकवाले आणि टेकडीवाले या दोन टोळ्यांचं भांडण, म्हणतात. त्याने एका गाण्यात टेकडीवाल्यांना नावं ठेवली होती. सोमवारी मी त्याला म्हटलं होतं, पुढच्या वेळी पैसे पडतील.

दुपारी चारला पोलीस. तपास अधिकारी तुओमास, नाक लाल, सर्दी. त्यांनी सकाळी दहालाच तळघरं, सायकलखोली, धुण्याची खोली सगळ्याचे फोटो घेतले होते म्हणे. गोळीबाराच्या वेळी कोण कुठे होतं ते जुळवत होते. मला विचारलं, "या इमारतीत कुलूप न लावता कुणी धुणं लावतं का?"

"या इमारतीत?" मी म्हटलं. "साहेब, इथे लोक लग्न न करता राहतात, कर न भरता राहतात. कुलूप न लावता धुणं, कधीच नाही. फळा खोटं बोलत नाही."

त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. माझं वाक्य आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

पोलिसांनी सेनायला नेलं. लेतेचा मुलगा, एकवीस वर्षांचा, एब्रिमाचा बालमित्र. मोपेड त्याच्या नावावर निघाली. गोळी झाडली टेकडीवाल्या विगोने, आणि मोपेड चालवणारा, हेल्मेट घातलेला, हा, असं त्यांचं म्हणणं. सेनाय म्हणतो मोपेड आठवड्यापूर्वी विगोला वापरायला दिली होती. त्यापुढे "काही बोलायचं नाही." गेल्या वर्षी तो टेकडीवाल्यांत उठबस करायचा हे खरं आहे. पण लिफ्ट बंद असली की माझ्या पिशव्या वर आणायचा हेही खरं. माणसाचं काय सांगावं.

आज पेनांच्या डब्यात ती सोन्याची पट्टी सापडली. विसरून गेला होता. सान्नेह आजींकडे घेऊन गेले. त्यांनी तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिली. म्हणाल्या, "सहा वर्षांचा होईपर्यंत याचे दात मी घासले. त्यावर हे कशाला हवं होतं याला?"

दातांबद्दल मला एरवी सुचतं.

रविवार, १ डिसेंबर

खिडकीत नाताळचे दिवे लावले. डिसेंबरला एकतीस तारीख आहे, त्यामुळे तुरुंग रिकामा केला. तीन कैदी होते. सोडून दिले. मी जुनी पानं परत वाचत नाही. लिहिलं की डोक्यातून जातं, म्हणून तर लिहिते.

गुरुवार, ९ जानेवारी

लेतेच्या लोकांचा नाताळ सात जानेवारीला असतो, म्हणजे परवा झाला. लेते गोल नक्षीची भाकर घेऊन आली आणि मला ओढतच वर घेऊन गेली. दाणे भाजले, धूर माझ्या नाकाशी फिरवला, सोबत लाह्या. कॉफीबरोबर लाह्या.

ती म्हणाली, "सेनाय आता बोललाय. त्या वेळी खाली धुणं धूत होता. सणासाठी माझे पांढरे कपडे."

"मग हे दीड महिना का नाही सांगितलं?"

"वाळवणीच्या यंत्रात घातले ना त्याने. मी शंभरदा सांगितलं होतं, दोरीवर घाल. आटले. बाह्या इथे कोपरापर्यंत आल्यात." तिने दाखवलं. "पोलिसांपेक्षा मला घाबरला गाढव. आणि मित्रांत सांगायची लाज, आईचे कपडे धुतो म्हणून. सरकारी वकीलबाई म्हणतात, फळ्यावर तुमचं कुलूप त्या वेळेला नव्हतं. मी तर लावलं होतं, मारिता."

"फळा..." मी सुरुवात केली.

"खोटं बोलत नाही. हो. पेपरात वाचलं." मग पेल्यात साखर ढवळत सहज विचारलं, "नोव्हेंबरला एकतीस दिवस असतात का गं?"

बिचारी. त्यांच्या पंचांगात तेरा महिने असतात असं ऐकून होते, गोंधळ होणारच. मी मुठीच्या उंचवट्यांवर मोजून सगळे महिने समजावले. ती शेवटपर्यंत नीट ऐकत होती. "म्हणजे तीसच," म्हणाली.

"तीसच. लक्षात ठेव."

पहिल्या पेल्यानंतर उठले. ती म्हणाली, "तिसऱ्यात आशीर्वाद असतो, बस ना." मी म्हटलं घाईत आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लेते दर आठवड्याला भाकर आणते. माझं वजन दोन किलो वाढलं. दर वेळी थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहते, मग जाते. एकटेपण वाईट. मला तिची दया येते.

सरकारी वकील ब्लिक्स्टबाईंचा फोन आला होता. मी त्यांची साक्षीदार. त्या म्हणाल्या, खटल्यात तुमची साक्ष हा एक खांब आहे. मी निळा कोट घेतला. आरशासमोर "फळा खोटं बोलत नाही" तीन प्रकारे म्हणून पाहिलं. तिसरा प्रकार चांगला.

तरी मधेच वाटतं, त्या आठवड्यात खाली कुणीतरी पाइप वाजवत होतं. बुधवार की गुरुवार? जाऊ दे.

गुरुवार, २४ एप्रिल

आरोपपत्र दाखल झालं, म्हणजे कागदपत्रं कुणालाही मागवता येतात. रोल्फ-ओकेने नऊशे पानं मागवली आणि सोसायटीच्या बैठकीत दालचिनी घातलेल्या गोड पावाच्या वेढ्यांबरोबर सगळ्यांपुढे फिरवली. छताच्या गळतीचा विषय पुढच्या महिन्यावर गेला.

पान ४१२. आमच्या फळ्याचा फोटो, शुक्रवार सकाळचा. एकवीस तारखेची संध्याकाळ: रिकामी, लाल वर्तुळ. आणि अगदी तळाशी, एकतिसाव्या ओळीत, ज्याला कुणी वर्तुळ केलेलं नाही, एक छोटं पितळी कुलूप. आकडा चौदा.

"ओळखीचं वाटतंय का गं?" रोल्फ-ओकेने विचारलं, "तुझंच राज्य."

मी म्हटलं वेढ्यात दालचिनी जास्त झालीय.

घरी येऊन नोव्हेंबरची पानं वाचली. दोनदा.

शुक्रवार, २५ एप्रिल

दवाखान्यात तीन जणांना चुकीच्या तारखा दिल्या.

रविवार, २७ एप्रिल

शांतपणे विचार करू. एक: कुलूप कुठे आहे ते फोटोत दिसतंच आहे. मोठमोठे वकील आहेत, त्यांनी बघावं. दोन: सेनाय धूत होता म्हणजे तो निर्दोष, आणि निर्दोष माणूस सुटतोच, नाहीतर आपण कर कशाला भरतो. तीन: मी बोलले तर सर्वकिल्लीचं सगळं बाहेर येणार. अकरा वर्षांचे कैदी. रोल्फ-ओके, तिसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको, सगळे. बाजारात लोक माझ्याकडे बघून पिशव्या जवळ ओढतील.

चार: बारा ते अठरा वर्षं होतील त्याला, असं पेपरात आहे.

पाच: नोव्हेंबरला एकतीस दिवस असतात का गं. मी मुठीवर मोजून दाखवलं तिला.

बुधवार, ३० एप्रिल

निनावी पत्र पाठवलं. मोठ्या अक्षरांत, म्हणजे हस्ताक्षर ओळखू येणार नाही. "खटला चालवणाऱ्या व्यक्तीस: जाण्यापूर्वी कृपया एकतिसावी ओळ तपासावी. ही सर्वांची जबाबदारी आहे." टपालपेटीत टाकलं आणि हलकं वाटलं.

सोमवार, ५ मे

तुओमासचा फोन. सर्दी गेली आहे. "मारिता, पत्र तुम्ही पाठवलंत का?"

"कोणतं पत्र?"

"गुलाबी कागद, मोठी अक्षरं, शेवटी 'ही सर्वांची जबाबदारी आहे'. माझ्यासमोर पान ४१२ आहे. फळ्याशेजारी भिंतीवर असल्याच सहा चिठ्ठ्या दिसतायत."

मी म्हटलं, सर्दी बरी झालेली दिसते.

"निनावी पत्राला कोर्टात किंमत नसते," तो म्हणाला. "त्या दिवशीचं काही लिहिलेलं आहे तुमच्याकडे?"

"नाही," म्हटलं. ही वही तेव्हा माझ्या मांडीवर होती.

गुरुवार, ८ मे

सान्नेह आजी कवळी बसवून घ्यायला आल्या. टेबलाशी वाकून पेनांच्या डब्यात डोकावल्या, सवयीने डोकावावं तशा. मग म्हणाल्या, "लोक मला म्हणतात, दोघं आत गेले की तुला शांत वाटेल. मला दोघं नकोत, मारिता. माझ्या एब्रिमाला मारणारे हवेत. सेनायच्या हातचं जेवण झालंय माझ्या घरात. तो असेल तर असेल. पण नसेल तर मोपेड चालवणारा अजून बाहेर फिरतोय, आणि मग कुणी त्याला शोधणार नाही."

मी त्यांना पुढची तारीख दिली. बरोबर दिली.

सोमवार, १२ मे

सेनायच्या वकील श्यालांडरबाईंकडे वही आणि भुशाची पिशवी घेऊन गेले. म्हटलं, "फक्त दोन नोंदी वाचायच्या. एकवीस आणि बावीस. त्यातही फक्त पाइप आणि कुलूप."

त्यांनी चाळलं. ओठ दाबून धरले होते. म्हणाल्या, "पूर्ण वाचावं लागेल. नाहीतर ब्लिक्स्टबाई विचारतील, गाळलं काय."

"चेअरमन प्रेक्षकांत बसतात."

"त्यांच्या चड्ड्यांचा मजकूर त्याच पानावर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही अजून वही परत नेऊ शकता."

माझा हात टेबलावर होता. वहीपासून एक वीत लांब. तिथेच राहिला.

बुधवार, १४ मे

नवी वही. जुनी कोर्टात जमा.

निळा कोट घातला होता. सेनाय काचेमागे, बारीक झालेला. विगो शेजारी, जांभया देत. प्रेक्षकांत पहिल्या रांगेत रोल्फ-ओके डबा घेऊन, मागे लेते, तोच आटलेला पांढरा पोशाख, कोपरापर्यंत बाह्या, काठाला हिरवे-पिवळे धागे. सान्नेह आजी तिच्या शेजारी. त्या दोघी शेजारी बसतील असं मला वाटलं नव्हतं.

शपथ घेतली. ब्लिक्स्टबाईंनी मृदू आवाजात विचारलं, "कुलूप नसताना कुणी धुणं लावतं का?"

"नाही," मी म्हटलं. "पण कुलूप होतं. मी हलवलं."

मग सांगितलं. तुरुंग, सर्वकिल्ली, अकरा वर्षं. मुख्य न्यायाधीश स्वतंत्र बंगल्यात, स्वतःच्या धुण्याच्या यंत्रासह, राहत असावेत, कारण त्यांनी विचारलं, "यात इतकं गंभीर काय आहे?" त्यांच्या बाजूचे तिघे लोकन्यायाधीश, साध्या नागरिकांतून तीन वेगवेगळ्या पक्षांनी नेमलेले, हवामानावरही एकमत न होणारे, एकदम त्यांच्याकडे वळले. त्यातल्या एका बाईंनी वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. न्यायाधीशांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं, या वेळी वेगळ्या नजरेने.

मग श्यालांडरबाईंनी वही वाचली. चांगला स्पष्ट आवाज आहे, दुर्दैवाने. पाच पंतप्रधानांशी येताच प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. रोल्फ-ओकेने डब्याचं झाकण लावलं. मग जिना पेटल्याचा वास, मग तीन पेले, मग माझं लग्न. मी लेतेकडे पाहिलं नाही.

ब्लिक्स्टबाई उठल्या. "शेजारणीच्या मुलाला वाचवायला तुम्ही हे आज लिहून काढलं नाही कशावरून?"

श्यालांडरबाई म्हणाल्या, "या शेजारणीबद्दल यांनी काय लिहिलंय ते आपण आत्ताच ऐकलं. वाचवायचं असतं तर थोडं बरं लिहिलं नसतं का?"

असा माझा दुष्टपणा पुराव्याला लागला. आयुष्यभर जपला त्याचं चीज झालं.

भुशाची पिशवी तिघा लोकन्यायाधीशांच्या हातांतून फिरली. प्रत्येकाने ती दिव्याकडे धरली, मग लेतेच्या काठाकडे पाहिलं. शेवटी श्यालांडरबाईंनी पाइपचा ताल कसा होता ते विचारलं. मी बाकावर बोटाने वाजवला. ठक, ठक-ठक, ठक.

काचेमागे सेनायने डोकं खाली घातलं. मागे दोन-तीन पोरं ओठ हलवत होती. सान्नेह आजी हळूच म्हणाल्या, "जाळी साफ कर."

त्या गाण्याचा ठेका तो. एब्रिमा चौकात पडला तेव्हा हा खाली त्याचंच गाणं वाजवत होता, आणि मी वरून लाटण्याने साथ करत होते.

बुधवार, २१ मे

सुनावणी संपली. निकाल जूनमध्ये, पण न्यायाधीशांनी सेनायला तत्काळ कोठडीतून सोडायला सांगितलं. विगोला नाही. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. लेते बाकावरून उठलीच नाही, तिला उठवावं लागलं.

तुओमास दारात भेटला. मोपेड चालवणाऱ्याचा शोध पुन्हा सुरू. "तुमच्याकडे अजून वह्या आहेत का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, सतरा. तो हसला नाही, लिहून घेतलं.

बुधवार, २८ मे

सोसायटीची वार्षिक सभा. विषय एक: छत. विषय दोन: मी. रोल्फ-ओकेने फार गंभीर भाषण केलं, "विश्वास" हा शब्द नऊ वेळा. त्याने नव्या चड्ड्या घेतल्या असाव्यात, बसताना आत्मविश्वास होता. मी सर्वकिल्ली टेबलावर ठेवली. धुण्याच्या खोलीचा नवा प्रमुख कोण? कुणी हात वर करेना. अकरा वर्षं कुणाला हे काम नको होतं, आजही नको होतं. मग मागून लेते म्हणाली, "मी करते." एकमताने.

जिन्यात सेनाय भेटला. "मारिताकाकू," म्हणाला, "खालून ठोकत होतो ना, मला वाटलं तुम्हाला गाणं आवडलं."

शनिवार, ७ जून

परवा निकाल लागला. विगो दोषी, सेनाय निर्दोष. सान्नेह आजींनी दाराबाहेर एक मेणबत्ती लावली, जिन्यात मेणबत्ती लावायला बंदी आहे, पण कुणी चिठ्ठी लावली नाही.

पडदे शेवटी आज धुवायचे ठरवलं. सकाळी आठला खाली गेले. माझं कुलूप, नऊ नंबर, नेहमीच्या जागी नव्हतं. शोधलं. तळाशी, एकतिसाव्या ओळीत. शेजारी पिवळी चिठ्ठी, मोठी अक्षरं: "तीन पेले झाल्याशिवाय सुटका नाही."

वर गेले. दाणे भाजून तयार होते. पहिला पेला कडक, दुसरा बरा, तिसरा म्हणजे कॉफीची आठवण असलेलं पाणी. दीड तास गेला. लाह्या मी दोन वाट्या खाल्ल्या, हे इथे नोंदवते, नंतर कोर्टात वाचावं लागलं तर लागू दे.

तिसऱ्या पेल्याला मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"दहा वर्षं," ती म्हणाली. "माझं कुलूप तू किती वेळा टाकलंस तिथे. मुलं एवढ्या सकाळी उठत नाहीत, मारिता."

"मग कोर्टात सांगितलं का नाहीस?"

"फळ्याचा विषय निघाला त्याच दिवशी श्यालांडरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आरोपीची आई बोलली तर कुणी ऐकत नाही. आणि तुला विचारलं तर तू घट्ट बंद होशील. म्हणून भाकर भाजत बसले. अठरा भाकऱ्या. तुझ्याइतकी सावकाश बाई मी आयुष्यात पाहिली नाही." तिने पेले गोळा केले. "जा आता. कुलूप सोडवून घे."

"किल्ली दे मग."

"तुझं कुलूप आहे. तुझी किल्ली तुझ्या खिशात आहे. सकाळीच का नाही सोडवलंस?"

खिशात हात घातला. होती.

पडदे राहिले. कुलूप अजून एकतीसवरच आहे. जून तीस दिवसांचा, घाई कसली.